हरिद्रा चूर्णाची की हळकुंडाची?

घनद्रव्यांचे मिश्रण विलग करणे रसशास्त्रास नवे नाही. नवसागर व सैंधव एकत्र झाल्यास ऊर्ध्वपातनाने नवसागर वर चढतो, सैंधव तळाशी राहते. त्यात वाळू असल्यास सैंधव जलात विरघळवून ती गाळून काढता येते. घटकांचे गुणधर्म भिन्न, म्हणूनच हे साधते.

हरिद्राचूर्णाच्या भेसळीत मात्र हे शास्त्र अपुरे पडते. खडूची भुकटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफसते व उघड होते. पिवळेपणासाठी मिसळलेले लेड क्रोमेट मात्र अल्प प्रमाणात असते, जलात जवळजवळ विरघळत नाही आणि सूक्ष्म चूर्णात बेमालूम मिसळते. त्यातील शिसे प्रयोगशाळेत मोजता येते, परंतु चूर्ण औषधयोग्य राखून ते काढता येत नाही. गर्भिणी व बालके यांना शिसे विशेष घातक.

सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ही पेठ हाताशी असताना सातारा-सांगलीच्या वैद्यांनी तयार चूर्णावर का विसंबावे? बिनपॉलिशचे हळकुंड पारखून घ्यावे, धुऊन वाळवावे आणि आपल्या देखरेखीखाली दळावे. जे मागाहून विलग होत नाही, ते औषधात शिरूच देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.