पिनांचा पंक्तिभेद

साहित्यचर्चेच्या पानावर चार्जरचे काय काम, हा प्रश्न आम्हाला अपेक्षित आहे. म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. फोन, टॅब आणि लॅपटॉप यांच्यासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत एक इशारा हमखास असतो. केवळ आमच्या कंपनीचा अस्सल चार्जरच वापरावा, अशा अर्थाचा. हा इशारा ही एक संहिता आहे, आणि संहितेत 'अस्सल' हा शब्द आला की तिची चिकित्सा करणे आपल्या विद्याशाखेचे काम ठरते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शुद्ध पाठ कोणता आणि अपपाठ कोणता हा विवेक मराठीला तेव्हापासून ठाऊक आहे. तो विवेक हस्तलिखितांपुरता राखून ठेवावा आणि रोज हाती येणाऱ्या मजकुरापुढे मान तुकवावी, हे आम्हाला मान्य नाही.

त्या इशाऱ्यातील 'अस्सल' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, सुरक्षित. दुसरा, आमच्या मालकीचा. हे दोन अर्थ इतक्या सफाईने एकत्र शिवलेले असतात की वाचणाऱ्याला शिवण दिसतच नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या शिवणीची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजणारे लोक ती पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या कल्पनेतही नसतात.

चंद्रपूरला विजेचे अप्रूप असू नये. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तेथून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची, पाचशे किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस टाकली गेली. मुंबईच्या बाजूला दिवे लावण्यासाठी येथील कोळसा जळतो आणि राख येथेच राहते. त्याच जुन्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत मात्र पावसाळा लागला की तारेवर झाड पडते आणि लाइट जाते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा दिवसांत ज्याच्या घरी सौरपट्टी आहे, ज्याच्या दुकानात इन्व्हर्टर आहे किंवा ज्याची मोटारसायकल सुरू आहे, त्याच्याकडे साऱ्या टोल्याचे फोन जमतात. एका बोर्डाला चार पिना, आणि त्या चौघांमागे आणखी आठ जण. विरजण जसे शेजारून आणावे तसा येथे चार्जर आणला जातो. आशा कार्यकर्तीचा फोन, महाज्योतीकडून प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी मिळालेला विद्यार्थ्याचा टॅब, शिक्षकाचा लॅपटॉप आणि म्हाताऱ्याचा बटणांचा फोन हे सारे एकाच पंक्तीत बसतात. म्हणजे बसू पाहतात. पिना त्यांना बसू देत नाहीत.

शहरातील सुशिक्षित माणूस हे दृश्य पाहून मान हलवतो. दुसऱ्याचा चार्जर लावला की बॅटरी खराब होते, लॅपटॉपचा मोठा चार्जर फोनला लावला तर फोन जळतो, हे त्याचे ज्ञान. ते बहुतांशी खोटे आहे. ज्याला आपण चार्जर म्हणतो तो भिंतीतील २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात बदलून देणारा केवळ एक पुरवठादार असतो. बॅटरी किती भरली, वेग केव्हा कमी करायचा, थांबायचे कधी, हे बहुतेक उपकरणांत आतील मंडल ठरवते. चार्जरवर लिहिलेले अँपिअर ही त्याची ऐपत असते, जबरदस्ती नसते. फोन आपल्याला हवे तेवढेच घेतो. प्रमाणानुसार बनवलेल्या टाइप-सी चार्जरमध्ये तर आधी बोलणी होतात. चार्जर सांगतो, माझ्याकडे पाच, नऊ, पंधरा, वीस व्होल्ट आहेत. उपकरण मागते, मला नऊ दे. बोलणी झाली नाहीत तर पाचापुढे काही मिळत नाही. लॅपटॉपचा असा चार्जर फोनला लावणे म्हणजे मोठ्या रांजणातून तांब्याभर पाणी घेणे होय.

धोका आहे, पण तो दुसरीकडे आहे. लॅपटॉपच्या जुन्या गोल पिनांना बोलणी ठाऊक नाहीत. एकीतून बारा व्होल्ट येतात, तशाच दिसणाऱ्या दुसरीतून एकोणीस. काहींत तर धन आणि ऋण टोकेही उलट असतात. वर्गात आम्ही श्लेषाचे कौतुक करतो, परंतु हा श्लेष उपकरणाच्या जिवावर बेततो. दुसरा धोका बाजारात 'लोकल' म्हणून मिळणाऱ्या अतिस्वस्त चार्जरचा. भिंतीकडील उच्च दाब आणि हाताकडील कमी दाब यांच्यामध्ये जे अंतर आणि जे विद्युतरोधन असायला हवे, त्यातच तो काटकसर करतो. तेथे झटका बसतो, आग लागते. गरिबांचा जुगाड म्हणून त्याचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. पण हा धोका ओळखण्याची खूण कंपनीच्या नावात नाही. सक्तीच्या नोंदणी आदेशानुसार अशा अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. चिन्ह आहे काय, व्होल्ट किती, अँपिअर किती, इतके वाचता आले तर परक्या चार्जरचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही. ही अक्षरे मुंगीच्या पायाएवढी, करड्यावर करडी आणि इंग्रजीत छापलेली असतात. 'केवळ अस्सलच वापरा' हे मात्र आज्ञार्थी, ठळक.

या आज्ञेचा विनोद २०२० च्या ऑक्टोबरात पूर्णत्वास गेला. ॲपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. २०२१ च्या जानेवारीत सॅमसंगने गॅलेक्सी एस २१ बाबत तेच केले. कारण सांगितले पर्यावरणाचे. इतकी वर्षे परका चार्जर निषिद्ध होता. आता घरात असलेला कोणताही चालेल, असे तेच सांगू लागले. म्हणजे निषेधाला तांत्रिक आधार किती होता, हे त्यांनीच दाखवून दिले. ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याच्या ग्राहक यंत्रणेने २०२१ मध्ये या प्रकाराबद्दल ॲपलला दंड ठोठावला. आपल्याकडे आम्ही नवीन चार्जर विकत घेतला.

आता आमच्याच गोटातून येणारा आक्षेप. साऱ्यांना एकच पिन हवी ही मागणी सपाटीकरणाची आहे, प्रमाणभाषेने बोलींवर केलेल्या अन्यायासारखी आहे, असे मांडणारे काही मित्र आम्हाला भेटतात. प्रमाणीकरण म्हटले की त्यांना शुद्धलेखनाची छडी आठवते. माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या डोक्यात शाळेने प्रमाण मराठी कशी कोंबली, हे पाहिलेल्यांना अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण येथे उपमा चुकली आहे. गोंडी ही माणसांनी शतकानुशतके बोलून घडवलेली भाषा आहे. नोकियाची जाड पिन आणि बारीक पिन ही कोणाची मातृभाषा नव्हती. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून आपण चिन्हाची यादृच्छिकता शिकलो. पण तेथेच हेही आहे की चिन्ह समूहाचे असते, एकट्या व्यक्तीला ते बदलता येत नाही. पिनेचा आकारही यादृच्छिक आहे, मात्र तो समूहाचा नाही. तो एका संचालक मंडळाच्या ठरावाने बदलतो आणि गावातील सारी जुनी दोरखंडे एका रात्रीत कचरा होतात.

हा अनुभव मराठी लिहिणाऱ्यांनी दुसऱ्या रूपात घेतलेला आहे. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट ज्या काळात संगणकावर राज्य करीत होते, त्या काळात एका यंत्रावर टंकलेला प्रबंध दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा उकिरडा दिसे. प्रत्येक फॉन्टची संकेतावली निराळी, म्हणून प्रत्येक प्रबंधाला त्याचा 'अस्सल' फॉन्ट लागे. त्या विविधतेने मराठीचे काय भले झाले? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच होती. ती आपल्या वापरात रुळली तेव्हा कुठे मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर विनासायास जाऊ लागला. आणि तळाशी एक सामाईक संकेत आला म्हणून वरची विविधता मेली नाही. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली, आणि शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा येथील हस्तलिखितांतून पुढे आलेली लिपी २०१८ साली. तळाचा संकेत सामाईक असल्यामुळेच या लिप्यांना तेथे जागा मागता आली.

सामाईक संकेताचे दुसरे उदाहरण याच जिल्ह्यात उभे आहे. भद्रावतीजवळ १००० मेगावॅटचे एक केंद्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. देशाच्या पश्चिम आणि दक्षिण जाळ्यांची कंपने जुळत नसत. म्हणून एकीकडची वीज एकदिश करायची आणि दुसरीकडे पुन्हा उलटसुलट करून सोडायची, एवढ्यासाठी ते बांधले. म्हणजे देशाएवढ्या दोन उपकरणांमधील अडॅप्टरच. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका लयीत जोडले गेले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे कंपन एक करणाऱ्या राज्यसंस्थेला बोटभर पिनेपुढे हतबल व्हावे लागते, हे कोणी आम्हाला सांगू नये.

युरोपातही हे सहज झाले नाही. २००९ मध्ये तेथे तीसहून अधिक प्रकारचे चार्जर होते. कंपन्यांनी त्या वर्षी स्वेच्छेने करार केला, प्रकार तीनांवर आले, आणि तेथेच घोडे अडले. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. अखेर २०२२ मध्ये निर्देश काढून २८ डिसेंबर २०२४ पासून फोन आणि टॅब यांना टाइप-सी सक्तीचे केले गेले. लॅपटॉपांसाठी त्याच निर्देशाने २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून दिली. यामुळे नवनिर्मिती खुंटेल, असे म्हणणाऱ्या ॲपलने सक्तीची तारीख उजाडण्याआधीच, २०२३ मध्ये, आयफोन १५ ला टाइप-सी दिले. नवनिर्मिती जागच्या जागी आहे.

आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत स्मार्टफोन, टॅब आणि लॅपटॉप यांच्यासाठी टाइप-सीवर सहमती झाली, आणि त्यानंतर मानक ब्यूरोने त्याचे प्रमाणही प्रसिद्ध केले. प्रमाण प्रसिद्ध होणे आणि ते सर्वांवर बंधनकारक होणे यांत किती अंतर असते, हे आपल्या देशात कोणाला सांगायला नको. आमचा खरा आक्षेप मात्र त्या सहमतीतील एका कलमाला आहे. स्वस्त, बटणांच्या फोनांसाठी वेगळी पिन ठेवता येईल, अशी चर्चा त्याच बैठकीत झाली. किंमत वाढेल हे कारण. कोरची, धानोरा, एटापल्ली, सिरोंचा येथील बाजारात विकला जाणारा फोन कोणता असतो, हे ठाऊक असलेल्याला या वाक्याचा अर्थ लगेच कळतो. ज्याच्या घरी दोन चार्जर असणे सर्वांत कठीण, त्याचेच पान वेगळे मांडायचे. यालाच आपल्या भाषेत पंक्तिभेद म्हणतात.

आणि पिन एक झाली तरी वाढपी भेद करतातच. अनेक कंपन्यांनी जलद चार्जिंगच्या आपापल्या खाजगी बोली काढल्या आहेत. पिन तीच, पण परका चार्जर लावला की उपकरण मुद्दाम मंद गतीने भरते. ज्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप नाही ती तीन अँपिअरपुढे वाहत नाही, म्हणजे वीस व्होल्टला फार तर साठ वॅट. पण दुकानात दोन्ही केबली एकसारख्या दिसतात. युरोपने जलद भरणाऱ्या उपकरणांना सामाईक बोलीही समजलीच पाहिजे अशी अट घातली आहे. ती अट येथे हवी. बटणांचे फोन त्याच पंक्तीत हवेत. चार्जर आणि केबल यांवर वॅटचा आकडा डोळ्यांना दिसेल एवढा, देवनागरीतही छापलेला हवा. गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातील जी महाविद्यालये विद्यार्थ्यांसाठी टॅब किंवा संगणक खरेदी करतात, त्यांनी निविदेत या तीन ओळी घालण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.