तक्रारवही उघडी हवी

‘तक्रारवही उपलब्ध आहे’ अशी पाटी आपल्याकडे जागोजागी दिसते. वही मागितली, की ती साहेबांच्या कपाटात असते आणि साहेब जेवायला गेलेले असतात. त्यामुळे ‘डेबियन’वाल्यांचे मला कौतुक वाटते. १९९३ साली इयान मरडॉक या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक चालवतात आणि ती कुणालाही मोफत मिळते. १९९७ साली त्यांनी जाहीर केलेल्या सामाजिक करारात एक कलम आहे: आम्ही दोष लपवणार नाही. तक्रारींची नोंद कुणीही, केव्हाही वाचावी!

यातल्या बऱ्याच तक्रारी आपल्या स्वयंपाकघराला परक्या नाहीत. प्रोग्रॅम लिहितो एक आणि त्याचे पॅकेज बांधतो दुसरा. बांधणीला कोणकोणते इतर प्रोग्रॅम लागतात, याची यादी सोबत द्यावी लागते. आजीने आमटीची कृती लिहून दिली, पण गोडा मसाला लिहायचा राहिला. तिच्या डब्यात तो सदाच असतो ना! नातसून नव्या बिऱ्हाडात आमटी करते आणि ती बिघडते. म्हणून डेबियनमध्ये बांधणी रिकाम्या ओट्यावर करून पाहतात. ती फसली तर गंभीर दोष नोंदला जातो आणि तो वेळेत निस्तरला नाही, तर ते पॅकेज पुढच्या आवृत्तीतून वगळले जाऊ शकते. बिनपगारी माणसांना इतकी शिस्त कशाला, असे कुणी म्हणेल. मला ती रास्त वाटते.

कारण या याद्या वाटतात त्यापेक्षा लांब जातात. दूरच्या संगणकात शिरण्याचे ‘एसएसएच’ नावाचे दार आहे. त्याला स्वतःला ‘एक्सझेड’ या फाइली आवळून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची गरज नाही. पण डेबियनमध्ये मधल्या एका प्रोग्रॅमच्या ओळखीने तो आत आला होता. त्याच वाटेने कुणीतरी चोरदरवाजा बसवला आणि बांधणीच्या सूचनांतच तो दडवला. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. त्याने चिकाटीने माग काढला, सारे पुराव्यानिशी मांडले, आणि चोरदरवाजा सर्वत्र पसरण्याआधीच उघडा पडला.

उघड्या वहीचा गैरफायदाही घेतला जातो, हे मान्य करायला हवे. ती दूषित आवृत्ती लवकर घ्या, अशी विनंती त्याआधी काही दिवस डेबियनच्या याच वहीत कुणीतरी नोंदवली होती. तरी वही बंद करावी, असे मला वाटत नाही. तक्रार कशी लिहावी, हे मात्र आपण वापरणाऱ्यांनी शिकावे. ‘चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. आवृत्ती कोणती, आपण काय केले, पडद्यावर कोणता संदेश आला, हे सांगायला पाच मिनिटे पुरतात.

एक्सझेड वर्षानुवर्षे मुख्यतः एकट्या लासे कॉलिनने सांभाळला होता. काम फार संथ चालले आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, असा तगादा २०२२ साली अनोळखी नावांनी त्याच्यामागे लागला. हे बिनपगारी, हौसेचे काम आहे, असे त्याने तेव्हा लिहिले होते. पुढे तो मदतीला आलेल्या ज्या माणसावर विसंबला, त्यानेच चोरदरवाजा बसवला.