शिळं कोणाच्या ताटात?

कालची भाजी वाटीभर उरलेली, डब्यात तीन-चार पोळ्या, पातेल्यात घट्ट होऊन बसलेलं वरण. ताटं वाढताना घरातली बाई म्हणते, ‘‘ते मी घेते, तुम्ही गरम खा.’’ महालातल्या जुन्या वाड्यात काय किंवा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये काय, हे वाक्य सारखंच ऐकू येतं. तिला तसं कोणी सांगितलेलं नसतं आणि कोणी अडवतही नाही. आई तेच करायची, सासूही तेच करायची, म्हणून तीही तेच करते.

अन्न टाकायचं नाही, हा संस्कार मोलाचाच आहे. पण तो पाळण्याचा भार रोज एकाच ताटावर पडत असेल, तर बाकीच्यांनी तो पाळला असं म्हणता येणार नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, उरलेलं सगळ्यांच्या ताटात आलं पाहिजे. नुसतं गरम करून पुढे ठेवलं तर ते कोणी घेत नाही. त्याचा नवा पदार्थ झाला, तर मात्र कोणी मागे राहत नाही. आठवड्याच्या धावपळीतल्या रात्रीसाठी आपल्याकडे ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला आपण सैपाकातली तडजोड समजत आलो, हे चुकलं.

साधा कुस्करा घ्या. पोळ्या हातानेच कुस्करायच्या. मिक्सरमध्ये त्यांचं पीठ होतं आणि पाण्याचा शिपका बसला की गोळे धरतात. नखाएवढे तुकडे राहिले पाहिजेत. तेलात मोहरी, जिरं, शेंगदाणे, हिरवी मिरची, गोडलिंब, मग भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की हळद-मीठ घालून पोळी टाकायची, वरून ताकाचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून दोन वाफा काढायच्या. उतरवताना लिंबू आणि सांभार. पोळी चिवट झाली होती, हे त्यानंतर कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्याहून मोठं काम वरणफळांचं. त्यात कालचं वरणही लागतं आणि सकाळी उरलेला कणकेचा गोळाही. वरण पाणी घालून सैल करायचं, लसूण-जिऱ्या-हिंगाची फोडणी द्यायची, तिखट, थोडी चिंच, थोडा गूळ. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि वरण खळखळ उकळायला लागल्यावरच एकेक करून सोडायचे. उकळी आली नसताना किंवा सगळी फळं एकदम टाकली तर ती एकमेकांना चिकटून लगदा होतो. फळं शिजत आली की मुंगन्याची कोवळी पानं ओरबाडून त्यात टाकायची. पाच मिनिटांनी गॅस बंद, वरून तूप. एका भांड्यात सगळ्यांचं जेवण झालं, आणि शिळं-ताजं असा भेद करायला काही उरलंच नाही.

या दोन्ही पदार्थांत नीट पाहिलं तर रीत एकच आहे: उरलेलं अन्न, फोडणी आणि अंगणातलं काहीतरी ताजं. हे तिसरं फार महत्त्वाचं. फोडणीच्या भातात मूठभर तुरीचे सोले पडले की तो कालचा राहत नाही. उरलेल्या दाळभाजीत ज्वारीचं पीठ आणि चिरलेली मेथी मळली की धपाटे होतात. नागपुरात अजूनही पुष्कळ अंगणांत मुंगना उभा आहे, त्याची पानं, फुलं, शेंगा सगळं खाता येतं. कुठे मोरीच्या पाण्यावर धोपा वाढतो, कुठे कुंपणावर बरबटी चढते. ज्यांना अंगण नाही त्यांच्या गॅलरीत गोडलिंबाची एक मोठी कुंडी आणि पालक-सांभाराची एक पसरट कुंडी तरी बसते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा हिरवी जाळी बांधल्याशिवाय पालेभाजी तगत नाही. पण दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या हवेत ती सहज येते. भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी तिला पुरतं.

संक्रांतीच्या सुमारास गोकुळपेठेत नाहीतर सक्करद­ऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी इतकी स्वस्त असते, की एका जुडीच्या जागी आपण तीन उचलतो. घरच्या कुंडीतून मात्र लागतील तेवढ्याच काड्या तोडतो. अन्न वाया जाणं तिथूनच कमी होतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला साधारण ६० टक्के वाटा घराघरांतला होता. भारतातल्या घरांसाठीचा त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. त्यात साली-देठही धरले आहेत. तरी चौघांच्या घराचा हिशेब दिवसाला सहाशे ग्रॅमपर्यंत जातो. आपल्या ओट्यावरच्या वाट्या आठवल्या तर हा आकडा मला अजिबात परका वाटत नाही.

मात्र एका बाबतीत मला कडक राहायचं आहे. खराब झालेलं अन्न कोणीच खायचं नाही, तिनेही नाही. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन्‌तास उबदार हवेत पडला की ते वाढतात आणि त्यातलं एक विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून भात, वरण, भाजी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एका तासातच. मोठं पातेलं तसंच न ठेवता पसरट डब्यात काढावं, म्हणजे लवकर निवतं. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच, चांगलं वाफाळेपर्यंत आणि एकदाच गरम करावं. ‘टाकवत नाही’ म्हणून आंबूस भात गिळणाऱ्या बाईचं कौतुक आता पुरे झालं. तिची तब्येत त्या वाटीभर भातापेक्षा स्वस्त नाही.

आता हे करायचं कोणी? ‘तिनेच शिळं खावं’ याच्या जागी ‘तिनेच रोज रात्री शिळ्याचं नवं करावं’ असं झालं, तर तिच्यासाठी काहीच बदललं नाही. कुस्करा करायला बारा वर्षांचं पोर पुरतं आणि वरणफळांना फार मोठा हात लागत नाही. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी आठवड्यातली एक रात्र आपल्याकडे घ्यावी. त्या दिवशी बाजारात जायचं नाही, बाहेरून मागवायचं नाही. फ्रीज उघडायचा, डबे बाहेर काढायचे, कुंडीतून दोन काड्या तोडायच्या आणि जे बनेल ते सगळ्यांना सारखं वाढायचं. घरात काय उरतं आणि किती उरतं, हे त्यांना त्या एका रात्रीत कळेल. मग दुसऱ्या दिवशी भात लावताना वाटी हातात घेतली, की ती आपोआप मोजून भरली जाईल.