रक्त सुचवूनच भागते काय?

हिंसेच्या उघड चित्रणाला कलामूल्य असूच शकत नाही, असे म्हणणारे सगळेच सोवळे नसतात. त्यांतल्या जाणत्यांचा आक्षेप असा की खरा कलावंत सुचवतो, आणि ज्याला सुचवता येत नाही तो रक्त सांडतो. पाठीशी भरतमुनी असतातच. युद्ध, मरण, नगराचा वेढा अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून कळवावे, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे.

दंडक आहे, हे मान्य. पण त्याच ग्रंथाने आठ रसांच्या पंगतीत बीभत्साचेही पान मांडले आणि जुगुप्सेला स्थायी भावाचा मान दिला. भासाने तर ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडलेल्या दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर आणले आणि तिथेच मरू दिले. गदायुद्ध मात्र त्याने सैनिकांच्या तोंडून वर्णन करवले. घाव ऐकवला, घायाळ दाखवला. माझ्या मते सगळी मेख या निवडीत आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली रंगभूमीवर आणले. पैशाच्या हावेने पिसाळलेले भाऊ माणिक या गरोदर बहिणीच्या पोटावर लाथ घालतात, गर्भ पडतो, आणि माणिकच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. शेवटी डाग निळा झाला, आणि प्रयोगाआधी लागूंनी प्रेक्षकांना सांगून टाकले की हा निळा डाग लाल समजावा. हा किस्सा आजही हसत हसत सांगितला जातो. हसावे जरूर. पण तो डाग एवढा का खुपला, हेही विचारावे. ‘गर्भ पडला’ असे एखाद्या पात्राने येऊन सांगितले असते तरी कथानक जसेच्या तसे पुढे गेले असते. प्रेक्षकाने मात्र ते चारचौघांच्या घरातले भांडण म्हणून मनातल्या मनात मिटवून टाकले असते. डाग ती सोय ठेवत नाही. सुचवणे नेहमीच संयम असतो असे नाही. कधी कधी ती निव्वळ पाहणाऱ्याची बडदास्त असते.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’चेच पाहा. १९६३ च्या त्या संग्रहातल्या शीर्षककथेत जात उघड होताच निवेदकाला बेदम मार बसतो. हा मार आडपडद्याने सांगा, असा सल्ला कोण देईल? ज्याच्या पाठीवर तो कधी बसला नाही तोच.

राहिला अनुकरणाचा आक्षेप. पोरे बिघडतात म्हणावे, तर त्यासाठी वयाचे प्रमाणपत्र आहे. ते कडक लावा. पोराला न दाखवण्याजोगी गोष्ट प्रौढालाही दाखवण्याजोगी नाही, हे कुठले तर्कशास्त्र?

सूचकतेचा दाखला म्हणून ‘सैराट’चा शेवट हमखास पुढे केला जातो. हत्या दिसत नाही, हे खरे. पण नागराज मंजुळेंचा कॅमेरा दाराशी थबकून परत फिरत नाही. आर्ची-परशाचे रक्तात पडलेले देह तो दाखवतो, मुलाची लाल पावलेही दाखवतो. वार झाकले; त्या वारांनी काय केले, ते झाकले नाही. भासाचीच रीत.

मग पडद्यावरचे सगळेच रक्त पावन? छे! २०२३ च्या ‘ॲनिमल’मध्ये नायक कुऱ्हाड घेऊन माणसांची रांगच्या रांग आडवी करतो आणि वर ‘डॉल्बी वाल्या’ वाजत असते. गाणे अजय-अतुल यांचे. ‘सैराट’चे संगीतही त्यांचेच, पण तिथे शेवटी संगीत बंद होते. इथे ते टाळ्या-शिट्ट्यांसाठी चढवले आहे. मरणारे तोंडे झाकलेले; त्यांना दुखत नाही, त्यांच्या घरी कोणी वाट पाहत नाही. दुखणे कुणाचे दाखवायचे तर फक्त नायकाचे, आणि तेही त्याचा पराक्रम वाढावा म्हणून. माझी तक्रार रक्ताच्या मापाबद्दल नाही. त्या प्रसंगातले अर्धे रक्त कापले तरी तो आहे तितकाच पोकळ राहील. कात्री चालवणाऱ्याला मात्र आपण संस्कृती वाचवली असे वाटेल.