दरपत्रकाचा जुगार

भोसरी, चाकण, वाळूज किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या लहान प्रेस शॉपमध्ये सुटीच्या दिवशी डोकावले, तर मालक संगणकासमोर ड्रॉइंग उघडून बसलेला दिसण्याची शक्यता बरीच असते. आदल्या संध्याकाळी एखाद्या मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाकडून ई-मेल आलेला असतो. सोबत सात-आठ ड्रॉइंग, चाळीस रकान्यांचा तक्ता आणि सोमवारी सकाळी अकरापर्यंत दर कळवावा, अशी एक ओळ. हीच ओळ एकाच वेळी आणखी दहा-बारा कारखान्यांकडे गेली आहे, हे त्यालाही ठाऊक असते. उत्तर दिले नाही तर पुढच्या चौकशीतून नाव गळण्याची भीती आणि दिले तर चुकीचा आकडा पुढची दोन-तीन वर्षे गळ्यात पडण्याची धास्ती, अशा कात्रीत तो दर ठरतो.

पत्रा प्रेसखाली कापून, दाबून, वाकवून तयार होणारे हे भाग सामान्य ग्राहकाच्या नजरेस क्वचितच पडतात. दुचाकीच्या आसनाखालची पट्टी, धुलाई यंत्राच्या मोटारीचा ब्रॅकेट, विजेच्या स्विचमधील पितळी पात हे सारे त्याच जातकुळीचे. नट-बोल्टप्रमाणे ते दुकानात तयार मिळत नाहीत. प्रत्येक भाग एका विशिष्ट खरेदीदाराच्या ड्रॉइंगबरहुकूम बनतो, त्यामुळे त्याला बाजारभाव नसतो. दरपत्रक हीच त्याची बाजारपेठ. म्हणूनच दरपत्रक मागवण्याच्या पद्धतीतच जोखीम कुणाच्या माथी जाणार, याचा निवाडा होऊन जातो. लघुउद्योगांच्या संरक्षणासाठी गेल्या दोन दशकांत झालेले कायदे मात्र प्रामुख्याने बिल निघाल्यानंतरच्या टप्प्याकडे पाहतात.

हिशेब कसा चालतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक ब्रॅकेट आहे आणि तयार भागाचे वजन १८० ग्रॅम आहे, असे समजू. तो कापण्यासाठी मात्र पट्टीतील २५५ ग्रॅम पत्रा खर्ची पडतो. पत्रा ६५ रुपये किलो धरला, तर कच्चा माल साधारण साडेसोळा रुपयांचा झाला. उरलेला ७५ ग्रॅम कचरा भंगारात ३० रुपये किलोने गेला, तर सव्वादोन रुपये परत येतात. म्हणजे निव्वळ पत्रा झाला १४ रुपये ३० पैशांचा. कापणे आणि दोनदा वाकवणे या तीन फटक्यांचे प्रत्येकी ८० पैसे धरले, तर २ रुपये ४० पैसे. वाहतूक, तपासणी, व्याज आणि नफा मिळून आणखी १ रुपया ३० पैसे. दर आला १८ रुपये. त्यात मालकाच्या हाती राहणारा नफा जेमतेम ८०-९० पैशांचा असेल. आता पत्रा किलोमागे पाच रुपयांनी वाढला, तर एका नगामागे सव्वा रुपयाहून अधिक खर्च वाढतो. भंगाराचा भाव थोडा चढला, तरी नफा जवळजवळ पुसला जातो. कारखान्यात कुणी चूक केलेली नसते, यंत्र बंद पडलेले नसते, कामगार गैरहजर नसतो.

पोलादाच्या भावाचा हा झोका काल्पनिक नाही. २०२१ मध्ये आणि २०२२ च्या पूर्वार्धात पोलाद इतके कडाडले, की केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये अनेक पोलाद उत्पादनांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले. एप्रिल २०२५ मध्ये स्वस्त आयातीला आळा घालण्यासाठी काही सपाट पोलाद उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लागू झाले. पोलाद गिरण्यांना या निर्णयाने दिलासा मिळाला. पत्रा विकत घेऊन त्याचे भाग करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हेच शुल्क त्याच्या कच्च्या मालावर पडले. ज्याच्या करारात पत्र्याचा भाव ठरावीक काळाने पुन्हा जुळवून घेण्याची तरतूद होती, तो अशा वेळी निभावतो. ज्याने ‘दर वर्षभर स्थिर’ या रकान्यात निमूटपणे ‘होय’ लिहिले, त्याला पदरमोड करावी लागते. अनेक मोठ्या वाहन कंपन्या तिमाही किंवा सहामाही फेरजुळणी मान्य करतात, हे नमूद केले पाहिजे. अडचण होते ती पुरवठा साखळीच्या खालच्या पायऱ्यांवर. वाहन कंपनीकडून पहिल्या फळीच्या पुरवठादाराला मिळालेली वाढ दुसऱ्या-तिसऱ्या फळीपर्यंत झिरपेलच, याची हमी नसते आणि झिरपली तरी ती काही महिन्यांच्या विलंबाने.

पत्र्याहून अवघड प्रश्न डायचा. प्रेसच्या प्रत्येक फटक्यात पट्टी एकेक टप्पा पुढे सरकवत पूर्ण भाग बाहेर काढणारी प्रोग्रेसिव्ह डाय अनेकदा काही लाखांची असते. पुष्कळ चौकशांमध्ये डायची किंमत वेगळी न देता ती नगाच्या दरात विभागून घ्यावी, असे सुचवले जाते. सहा लाखांची डाय आणि महिना २५ हजार नग, म्हणजे वर्षाला तीन लाख नग हा अंदाज खरा मानला, तर नगामागे दोन रुपये येतात. प्रत्यक्ष मागणी महिना आठ हजारांवर थांबली, तर वर्षअखेर १ लाख ९२ हजार रुपयेच वसूल होतात. उरलेले चार लाखांहून अधिक रुपये टूलरूमच्या फळीवर गंजत पडतात. ती डाय दुसऱ्या कुणाच्याही कामाची नसते. चौकशीतील वार्षिक संख्या ही बहुतेक वेळा केवळ ‘अंदाज’ असते आणि तसे बारीक अक्षरांत नमूदही केलेले असते. दर मात्र त्या अंदाजावरच मागितला जातो. वाहन बाजारात चालला नाही तर त्याचा फटका कंपनीला बसतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कंपनीला त्या वाहनाच्या यशाचा लाभही मिळणार असतो. ब्रॅकेट बनवणाऱ्याच्या वाट्याला वाहन गाजले तर पुढच्या वर्षी ‘संख्या वाढली, दर कमी करा’ हे पत्र येते.

तांत्रिक बाजूही याहून फार वेगळी नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत सर्वच मापांना ०.१ मिलिमीटरची सवलत छापलेली असते. पुष्कळदा ती जुन्या ड्रॉइंगवरून जशीच्या तशी उतरलेली असते. वाकवलेला पत्रा दाब निघताच किंचित मागे उसळतो. त्यामुळे वाकलेल्या पायाचे माप इतक्या काटेकोरपणे धरायचे, तर आणखी एक फटका, प्रसंगी आणखी एक डाय लागते. आणि तो ब्रॅकेट शेवटी बसणार असतो लांबट छिद्रात, जिथे मिलिमीटरभर इकडेतिकडे झाले तरी चालते! पत्र्याची जातही अनेकदा मोघम लिहिलेली असते. थंड लाटणाच्या पत्र्यासाठी आयएस ५१३ आणि गरम लाटणाच्या पत्र्यासाठी आयएस १०७९ ही भारतीय मानके आहेत. त्यांतील श्रेणीनुसार पत्रा किती खोल ओढता येईल, हे ठरते. लाटणाच्या दिशेला समांतर घडी घातली तर काही पत्रे तडकतात. ते टाळायला पट्टीवर भाग तिरका मांडावा लागतो आणि मग कचरा वाढतो. कापलेल्या कडेवर किती बर चालेल, तो कोणत्या बाजूला असावा, याचा उल्लेख नसेल तर पंच किती फटक्यांनंतर धार लावायला काढायचा, हे ठरवता येत नाही. अनुभवी टूलमेकरला हे प्रश्न ड्रॉइंग पाहताच सुचतात. विचारायला मात्र समोर कुणी नसते, कारण खरेदी विभागाच्या माणसाने तो भाग हातात घेतलेला नसतो आणि रचनाकाराचा फोन क्रमांक चौकशीत दिलेला नसतो. मग प्रत्येक जण आपापल्या समजुतीने दर भरतो. अठरा, एकवीस आणि पंधरा रुपये या तीन दरांची तुलना होते, तेव्हा प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या वस्तूंची तुलना चाललेली असते. काम बहुधा पंधरावाल्याला मिळते.

त्यानंतर ऑनलाइन उलटा लिलाव. पडद्यावर प्रतिस्पर्ध्याचा दर घसरताना दिसतो आणि घड्याळ उलटे धावत असते. घरंगळत जाणाऱ्या आकड्याच्या नादात किती जण आपल्या खर्चाच्या रेषेखाली उतरतात, हे लिलाव जिंकल्यानंतरच त्यांना उमगते. प्रमाणित वस्तूंच्या खरेदीत ही पद्धत पारदर्शक ठरते, यात शंका नाही. ड्रॉइंगनुसार बनणाऱ्या भागांच्या बाबतीत मात्र पारदर्शकता फक्त आकड्याला लाभते. तोट्यातला दर मग वसूल कुठून होतो? धार लावायला उशीर केला जातो, तपासणीचे नमुने कमी होतात. प्रेसवरील सुरक्षा पडदा बिघडला तर ‘पुढच्या महिन्यात’ दुरुस्त होतो. प्रेस शॉपमध्ये बोटे गमावलेली माणसे या वसाहतींना अपरिचित नाहीत. खर्चाच्या चाळीस रकान्यांत सुरक्षेसाठी स्वतंत्र रकाना क्वचितच आढळतो.

कायद्याची मदत येते ती यापुढच्या टप्प्यावर. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ नुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. २०१७ मध्ये तक्रारींसाठी ‘समाधान’ पोर्टल आले. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकत, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात वजा करता येणार नाही, अशी तरतूद आयकर कायद्यात केली. ती पुढे ढकलावी, अशी मागणी २०२४ च्या प्रारंभी व्यापाऱ्यांच्या संघटनांकडूनच झाली. खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील, ही भीती त्यामागे होती. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना बिलवटणावळीच्या ‘ट्रेड्स’ मंचांवर नोंदणी बंधनकारक करण्यासाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत देण्यात आली. ही पावले मोलाची आहेत. परंतु अठराचा भाग सोळाला देण्याचे कबूल करून बसलेल्याला ४५ दिवसांत मिळणार ते सोळाच.

परदेशी चौकशांतही हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के शुल्क लावले, जूनमध्ये ते ५० टक्क्यांवर नेले आणि पोलादापासून बनलेल्या अनेक वस्तूही त्याच्या कक्षेत आणल्या. ज्या निर्यातदाराने जहाजावर माल चढवण्यापर्यंतचाच दर दिला होता, त्याच्या ग्राहकाने शुल्क भरले. शुल्कासह दारात पोहोच असा दर देणाऱ्याला ते स्वतः सोसावे लागले. एका तीन अक्षरी व्यापारी संज्ञेचा हा फरक. तो रकाना मात्र अनेक ठिकाणी हिशेबनीस सवयीने भरत असतो.

उपाय खर्चिक नाहीत. चौकशीतच पत्र्याची श्रेणी आणि आधारभूत भाव लिहावा, तो किती हलला म्हणजे दर बदलेल ते सांगावे, डायचे पैसे वेगळे द्यावेत किंवा किमान संख्येची हमी द्यावी, खरोखर महत्त्वाची दोन-तीन मापे अधोरेखित करावीत आणि शंका विचारायला आठवडाभर द्यावा. काही कंपन्या हे आजही करतात आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षे तेच पुरवठादार टिकून असतात. लघुउद्योजकांच्या संघटना अशा चौकशीचा एक नमुना तयार करून सभासदांना देऊ शकतात. अर्धवट माहितीवर दर न देण्याचे धाडस एकट्या कारखानदाराला परवडत नाही, पन्नास जणांनी मिळून केले तर त्याला वजन येते. तूर्त मात्र प्रत्येकाला शेजारच्या गाळ्यातला आपल्यापेक्षा पन्नास पैसे कमी भरेल, याचीच खात्री वाटते. सोमवारी पावणेअकरा वाजता तक्त्यातील शेवटचा रकाना भरला जातो तो त्या शेजाऱ्याचा विचार करून.