अमायलॉइड निर्दोष नाही

जुलै 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने चार्ल्स पिलर यांचा शोधलेख छापला आणि अल्झायमरच्या संशोधनक्षेत्रात खळबळ उडाली. सिल्व्हाँ लेस्ने प्रथम लेखक असलेल्या 2006 च्या एका गाजलेल्या शोधनिबंधातील छायाचित्रांत फेरफार झाल्याचा संशय त्यात पुराव्यानिशी मांडला होता. जून 2024 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. तेव्हापासून एक मत जोर धरून आहे. मेंदूत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते आणि त्यामुळे स्मृती जाते, हा सिद्धांतच बनावट होता. अब्जावधी डॉलर आणि संशोधकांची एक पिढी त्यापायी वाया गेली, असे ते मत. रुग्णांच्या नातेवाइकांची निराशा मी समजू शकतो. पण हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो खरा मानला, तर उपचाराच्या ज्या वाटा आता कुठे उघडू लागल्या आहेत, त्यांच्याकडेच आपण पाठ फिरवू.

पहिला आक्षेप लबाडीचा. 2006 च्या त्या निबंधात उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइडच्या एका विशिष्ट पुंजक्याबद्दल दावा होता. तो दावा कोसळला, हे योग्यच झाले. परंतु सिद्धांत त्या निबंधावर उभा नव्हता. आलोइस अल्झायमर यांनी 3 नोव्हेंबर 1906 रोजी ट्युबिंगेन येथे आपल्या रुग्णेच्या मेंदूतील दोन विकृती सांगितल्या : पेशींच्या बाहेर साठलेले थर आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. 1984 मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अमायलॉइड बीटा हे प्रथिन वेगळे काढले. जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी अमायलॉइडपासून सुरू होणाऱ्या साखळीचा सिद्धांत 1992 मध्ये मांडला. हे सारे त्या निबंधाच्या किमान चौदा वर्षे आधीचे. आज वापरात असलेले लेकॅनेमॅब हे औषधसुद्धा त्यातून निघालेले नाही. त्याचे मूळ उत्तर स्वीडनमधील एका कुटुंबात सापडलेल्या जनुकीय बदलात आहे. लार्स लानफेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2001 मध्ये प्रसिद्ध केला होता.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. अमायलॉइडचे हे थर म्हणजे आग विझल्यावर उरलेली राख असेल. आग दुसऱ्याच कशाने तरी लागली असेल, असे तो म्हणतो. नुसते सूक्ष्मदर्शकातून पाहून याचे उत्तर देता आले नसते. उत्तर आनुवंशिकतेने दिले, कारण जनुके आजाराच्या आधीपासून असतात. अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून कापले जाते, त्याचे जनुक 21 व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, आणि अशा जवळजवळ सर्व व्यक्तींच्या मेंदूत वयाच्या चाळिशीपर्यंत अमायलॉइडचे थर दिसतात. 1998 मध्ये एका अपवादाची नोंद झाली. डाऊन सिंड्रोम असलेल्या 78 वर्षांच्या एका स्त्रीला अल्झायमर नव्हता. तपासात कळले की तिच्या गुणसूत्राचा नेमका हे जनुक असलेला भाग तिप्पट झालेला नव्हता. 2006 मध्ये याची उलट बाजूही पुढे आली. डाऊन सिंड्रोम नसलेल्या, पण गुणसूत्राचा हे जनुक असलेला लहानसा भाग दुप्पट झालेल्या फ्रान्समधील पाच कुटुंबांत अल्झायमर कमी वयातच आढळला. पुढे 2012 मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी याच जनुकातील एक दुर्मीळ बदल दाखवला. त्यामुळे अमायलॉइड कमी तयार होते, आणि तो असलेल्या माणसांना अल्झायमरपासून संरक्षण मिळते. जास्त तयार झाले तर आजार येतो आणि कमी झाले तर टळतो. राखेचे वर्तन असे नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कित्येक वृद्धांच्या मेंदूत अमायलॉइडचे भरपूर थर असूनही त्यांची स्मृती शाबूत असते. थर किती आहेत यावरून रुग्ण किती विसरतो हे सांगता येत नाही. हे दोन्ही खरे आहे, मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की अमायलॉइड एकटे पुरेसे नाही. ते निरपराध आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

चेतापेशींना प्रत्यक्ष मारण्यात मोठा वाटा दुसऱ्या प्रथिनाचा आहे. त्याचे नाव टाऊ. चेतापेशीचा लांब तंतू आतून सूक्ष्म नलिकांनी तोललेला असतो आणि पेशीला लागणारा माल त्याच नलिकांवरून पुढे जातो. टाऊ या नलिकांना स्थिर ठेवते. आजारात टाऊवर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चिकटतात. ते नलिकांपासून सुटते, आपसात चिकटते आणि पेशीच्या आत गुंता होतो. वाहतूक बिघडते, दुसऱ्या पेशींशी असलेले जोड तुटतात आणि शेवटी पेशी मरते. स्मृतीच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या भागात हा गुंता आधी दिसतो आणि तिथून मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतो. हाइको आणि एव्हा ब्राक यांनी 1991 मध्ये या प्रसाराचे टप्पे मांडले. रुग्णाची स्मृती किती गेली, याच्याशी अमायलॉइडपेक्षा या टप्प्यांचा मेळ कितीतरी चांगला बसतो.

मग टाऊलाच मूळ कारण का मानू नये? यालाही आनुवंशिकतेनेच उत्तर दिले आहे. अमायलॉइडच्या जनुकातील घातक बदलांमुळे थरही होतात आणि टाऊचा गुंताही होतो. टाऊच्या जनुकातील बदल 1998 मध्ये सापडले. त्यांच्यामुळे वेगळ्या प्रकारचा स्मृतिभ्रंश होतो, पेशी मरतात, गुंता दिसतो. पण अमायलॉइडचे थर होत नाहीत. म्हणजे अल्झायमरमध्ये कार्यकारणाचा क्रम अमायलॉइडकडून टाऊकडे जातो, उलटा नाही. कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतात फ्रान्सिस्को लोपेरा यांनी एका विस्तीर्ण गोतावळ्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिथल्या जनुकीय बदलामुळे माणसे चाळिशीतच विसरू लागतात. त्यातली एक स्त्री मात्र सत्तरी गाठेपर्यंत ठीक होती. तिच्या मेंदूत अमायलॉइड प्रचंड होते, टाऊ मात्र अगदी कमी. एपीओई या दुसऱ्या जनुकातील एका दुर्मीळ बदलाने तिला वाचवले असावे, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. थर असून शहाणे राहिलेल्या वृद्धांचे कोडे इथे उलगडू लागते. अमायलॉइडपासून टाऊपर्यंतची वाट अडवता येते, हे त्या स्त्रीच्या मेंदूने दाखवले.

चौथा आक्षेप : अमायलॉइडविरोधी औषधे एकामागून एक फसली, मग सिद्धांत खरा कसा? बापिनुझुमॅब, सोलानेझुमॅब, व्हेरुबेसेस्टॅट ही फसलेली नावे खोटी नाहीत. पण ती का फसली ते पाहिले पाहिजे. आरंभीच्या चाचण्यांत सामील झालेल्या बऱ्याच जणांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच, हे नंतरच्या स्कॅनमध्ये उघड झाले. ज्यांच्यात होते, त्यांच्या मेंदूतूनही ते पुरेसे निघाले नाही. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे अमायलॉइड साचत आलेले असते. ठिणगी उशिरा विझवली म्हणून पेटलेले रान विझत नाही.

लेकॅनेमॅबची चाचणी आरंभीच्या अवस्थेतील 1795 लोकांवर झाली आणि त्या सर्वांच्या मेंदूत अमायलॉइड असल्याची आधी खात्री केलेली होती. 18 महिन्यांत औषध घेणाऱ्यांची घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. डोनॅनेमॅब या दुसऱ्या अमायलॉइडविरोधी औषधाच्या चाचणीत ज्यांच्या मेंदूत टाऊ फार पसरलेले नव्हते, त्यांना अधिक लाभ झाला. सिद्धांत खरा असेल तर नेमके हेच घडायला हवे होते.

आता ज्या बाजूने मी उभा आहे, त्या बाजूलाही सुनावले पाहिजे. 27 टक्के हा आकडा भारदस्त वाटतो, पण 18 गुणांच्या मापनपट्टीवर तो अवघा 0.45 गुणाचा फरक आहे. रुग्ण बरा होत नाही, त्याची घसरण जरा सावकाश होते. औषध घेणाऱ्या साधारण आठांतील एकाच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली. बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, तरी एपीओई-4 जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांत हे प्रमाण तिघांत एक इतके होते. अमेरिकेत 2021 मध्ये अ‍ॅड्युकॅनुमॅब या अमायलॉइडविरोधी औषधाला मान्यता मिळाली ती सल्लागार समितीतील एकाही सदस्याने अनुकूल मत दिलेले नसताना, आणि 2024 मध्ये ते औषध कंपनीनेच मागे घेतले. अशा घाईने सिद्धांताचे जेवढे नुकसान केले, तेवढे त्याच्या विरोधकांनाही जमले नसते.

माझे म्हणणे म्हणून असे आहे. अमायलॉइड आजाराचा आरंभ करते, टाऊ पेशींचा घात करते, आणि या दोहोंमधली वर्षे ही वैद्यकाची खरी संधी आहे. ती साधायची तर निदान लवकर व्हायला हवे. मे 2025 मध्ये अमेरिकेत त्यासाठी पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली. ही तपासणी आपल्या आवाक्यात आणणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम आहे. मेंदूची सहनशक्ती वाढवणेही तितकेच मोलाचे. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, एकटेपणा, प्रदूषित हवा अशी सुधारता येण्याजोगी 14 कारणे 'लॅन्सेट'च्या आयोगाने 2024 मध्ये दिली. ती दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची जवळपास 45 टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा त्याचा हिशेब आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना महागडे औषध लागत नाही.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या आजी-आजोबांना ओळखीचा रस्ता सापडेनासा झाला किंवा रोजचा हिशेब जमेनासा झाला, तर "वयामुळे होतंय" म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या, बी-12 आणि थायरॉइडची साधी तपासणीही करून घ्या, कारण विसरण्याची काही कारणे उपचाराने दूर होतात. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि सगळे विज्ञानच खोटे होते असे सांगणाऱ्यावरही ठेवू नका.