मासा पायाशी असतो

दिवाळीची सुटी लागली की आमच्या कॉलेजातले निम्मे अध्यापक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडतात आणि उरलेले निम्मे ते गठ्ठे तसेच बांधून ठेवून कोकणात जातात. कोकणात जाणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी समुद्र पाहून "वा!" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सोलकढीची तारीफ करायची. तिसऱ्या दिवशी मात्र खरी पंचाईत होते. समुद्र पुन्हा तोच, लाटा त्याच, वाळूही तीच. मुले मोबाइलात डोके घालतात, बायको माहेरच्या आठवणी काढते आणि गृहस्थ परतीच्या गाडीचे वेळापत्रक चाळू लागतो. समुद्र नुसता पाहत बसणाऱ्याला तो तीन दिवसांच्या पलीकडे पुरत नाही. त्याच्याशी काही व्यवहार करावा लागतो.

अशा तिसऱ्या दिवसासाठी एक स्वस्त आणि गुणकारी औषध सुचवावे म्हणून या खेपेचा हा लेख. होडी नको, जाळे नको, पोहता आले नाही तरी चालेल. हवी फक्त एक हलकी काठी, बारीक दोरी, लहानसा गळ आणि पहाटे उठण्याची तयारी. कोकणात याला 'गरवणे' म्हणतात, आणि गळाला 'गरी'.

आता आम्ही पडलो मराठीचे मास्तर! शब्द दिसला की त्याला हात लावल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठीत माणूस माणसाला गळ घालतो, तेव्हा तो त्याला ओढत नाही, दरडावत नाही. गोड बोलून, वाट पाहून, पुन्हा पुन्हा विनवून राजी करतो. या वाक्प्रचाराची व्युत्पत्ती कोशकारांनी काय लावायची ती लावावी. किनाऱ्यावर मासे धरण्याची सारी विद्या मात्र त्यात आली आहे.

प्रथम साधनांविषयी. सात-आठ फुटांची लवचिक काठी आणि तिला बसवलेले लहान रीळ. (हल्लीच्या मुलांना रील म्हटले की निराळेच काही आठवते, ते रील गुंडाळायचे आणि हे उलगडायचे.) दोरी फेकताना ज्याचे चाक फिरत नाही, दोरी नुसती कडेवरून सुटत जाते, अशा रिळाचे पेटंट होल्डन इलिंगवर्थ या इंग्रज कापडगिरणीवाल्याने १९०५ साली घेतले. गिरणीतल्या कांडीवरून सूत सुटते तशीच ही युक्ती. पुढे नायलॉन आले. १९३५ साली कॅरोदर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते जन्मले आणि पाण्यात सहज न दिसणारी दोरी सामान्य माणसाच्या हाती पडली. आपल्याला तीन-चार किलो भार सोसणारी दोरी पुरे. शिसे दहा ते वीस ग्रॅमचे. गळ आठ नंबरचा. या लहान गळांत नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात विसरू नये.

आणि हे काहीच नसले तरी अडत नाही. गावातली पोरे रिकाम्या बाटलीला दोरी गुंडाळतात, टोकाला शिसे नि गरी बांधतात, डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडतात आणि पाहुण्यांच्या महागड्या काठीच्या नाकावर टिच्चून मासे घेऊन घरी जातात.

देवबागेस, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकावर, मागच्या हिवाळ्यात असाच एक देखावा मी वाळूत बसून पाहिला. शहरातून आलेले एक तरुण गृहस्थ उत्तम काठी घेऊन उभे होते. अंगात बळ होते, ते सारे खर्चून पन्नास-साठ यार्ड दूर शिसे फेकीत होते. तासभर झाला, गळाला शेवाळाखेरीज काही लागले नव्हते. शेजारी एक म्हातारा रापणकर जाळे वाळवीत होता. बराच वेळ त्याने सोसले, मग उठून आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सायबानू, इतक्या लांब कित्याक फेकतास? मासो तुमच्या पायाकडे आसा."

ते खरेच होते. लाट फुटते, वाळू ढवळते आणि वाळूत दडलेले किडे, बारीक खेकडे, शिंपले उघडे पडतात. त्यांच्यासाठी मासा अगदी गुडघाभर पाण्यात येतो. किनाऱ्यावर जरा उंचावर उभे राहून दहा मिनिटे नुसते पाहावे. सगळीकडे लाट पांढरी फुटत असते. मध्येच एखादा पट्टा काळसर, शांत दिसतो. तिथे वाळूत घळ आहे. पाणी त्या घळीतून माघारी जाते आणि खाऊही तिथूनच वाहत जातो. माशांची खानावळ ती. दूर फेकणारा माणूस या खानावळीवरून दोरी टाकून पलीकडच्या ओसाड माळावर आमिष ठेवतो. जाडजूड दोरी आणि मोठे शिसे इथे कामाचे नाही ते यामुळेच. पाणी उथळ, त्यात ते निवळलेले असले तर माशाला सारे दिसते आणि शिसे धपकन् पडले की तो पसार होतो.

वेळेसाठी आपल्या वाडवडिलांनी सोपे गणित करून ठेवले आहे. तिथीची पाऊणपट करावी, की भरती पुरी होण्याची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी. हिशेब ढोबळ आहे, गावोगाव थोडा मागेपुढे होतो. पण कालनिर्णय भिंतीवर असले की भरतीचे कोष्टक वेगळे नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मुंबईस उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. मालवण-गोव्याकडे ते निम्म्याच्या आसपास येते.

आता हे गणित दिवाळीला लावून पाहा. नरकचतुर्दशी, म्हणजे चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरती पुरी, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास ओहोटीचा तळ. सूर्य उगवतो तेव्हा पाणी दोन तास चढत आलेले असते. पहाटेचा अंधुक उजेड आणि चढते पाणी, गरवणाऱ्याला याहून चांगला योग मिळत नाही. आणि नेमका तोच मुहूर्त अभ्यंगस्नानाचा! उटणे की मासा, हा प्रश्न ज्याचा त्याने घरच्या मंडळींना विचारून सोडवावा.

आमिषाला बाजारातली कोळंबी उत्तम. सोलून नखाएवढा तुकडा लावावा. हावरटासारखी अख्खी कोळंबी लावली तर लहान तोंडाचे मासे ती कुरतडून नेतात आणि गळ तसाच राहतो. तुकड्याला पहिला मान मुडदुशीचा. हिलाच काही ठिकाणी रेणवी म्हणतात. वाळूच्या रंगाची, लांबट, तोंड एवढेसे आणि वाळूतले किडे टिपण्यासाठी पुढे येणारे. चव अशी की कोकणात बाळंतिणीला आणि आजाऱ्यालाही ती देतात. खाडीच्या मुखाशी बोयटी उड्या मारताना दिसतात, पण त्या गळाला सहसा दाद देत नाहीत. खडकांच्या कडेला तांबोशी, आणि नशीब जोरावर असले तर रायगडात ज्याला जिताडा आणि गोव्यात चोणक म्हणतात तो राजा.

मोठा मासा बारीक दोरीला लागला की खरी परीक्षा. रिळाला एक खिटी असते. ती अशी बेताने सैल ठेवायची, की दोरी तुटण्याच्या आधी सुटू लागेल. मासा ओढील तेव्हा जाऊ द्यायचे, थांबेल तेव्हा गुंडाळायचे. काठी वाकते आणि झटके पोटात घेते. जाड दोरीने मासा ओढून काढता येतो. बारीक दोरीने त्याची समजूत घालावी लागते, आणि त्यालाही सुटून जाण्याची संधी राहते. मला या छंदात जे काही न्याय्य वाटते ते एवढेच.

न्यायाचा प्रश्न आला म्हणून दोन जुन्या पुस्तकांकडे वळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाने करावयाच्या विनोदांत 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, गळाने ते धरण्याची रीत असे सारे त्यात आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते विद्वानांपुढे ठेवले. आयझॅक वॉल्टनचे इंग्रजीतले प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. आपला राजा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. आम्हां मराठीवाल्यांना आणखी एक कौतुक असे, की याच ग्रंथाच्या गीतविनोदात जुन्या मराठीतला दशावतारांचा एक तुकडा सापडतो आणि त्यात मत्स्यावतारही आहे. त्या काळी विनोद म्हणजे मन रमवणे; हसवणे हा अर्थ मागाहून आला.

दुसरे पुस्तक 'शाकुंतल'. त्यातला धीवर आठवतो ना? माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडली म्हणून शिपाई त्याला बांधून आणतात आणि त्याच्या धंद्याची टर उडवतात. तो गरीब माणूस न डगमगता सांगतो, की जन्माने आलेले काम लोकांनी निंदिले तरी टाकू नये. एकीकडे मासा हा ज्याचा विनोद आहे असा राजा, दुसरीकडे मासा हे ज्याचे पोट आहे असा धीवर. सुटीत काठी घेऊन किनाऱ्यावर उभा राहणारा पाहुणा हा, पगार कितीही बेताचा असो, राजाच्या पंगतीत बसलेला असतो. आणि त्याच्या शेजारी जाळे वाळवीत धीवर उभा असतो. हे ज्याने ओळखले त्याला बाकीचे नियम सांगावे लागत नाहीत.

त्या दिवशी दुपारी रापण आली. शेकडो हातांचे जाळे होडीने समुद्रात अर्धवर्तुळ सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. दोराला हात लावणारा कोणीही असो, त्याला मूठभर तरी मासे द्यायचे, ही रीत. तास-दीड तास ओढून जाळे वाळूवर आले तेव्हा त्यात चार टोपल्या तारली आणि दोन टोपल्या जेलीफिश होते. मोठ्या बोटींवरची पर्ससीनची जाळी आणि एलईडी दिवे यांच्याशी रापणकरांचे भांडण जुने आहे. राज्याने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. तरी ते मिटलेले नाही. त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला आलेले मासे एका घराच्या कालवणापुरतेही नव्हते. त्याचा मुलगा रापण सोडून पाहुण्यांना होडीतून फिरवतो. एव्हाना त्या तरुण गृहस्थांची पिशवी मुडदुशींनी भरली होती. बोटाएवढ्याही त्यात होत्या. म्हातारा पिशवीत डोकावला आणि एवढेच म्हणाला, "जेवणापुरते घेवा, बाकीचे सोडा. दर्यो खंय पळान जातलो?"

दर्या पळून जात नाही हे खरे. पण त्याच्या हातातली रिकामी टोपली पाहिल्यावर, दर्या जागेवर राहून मासा जाऊ शकतो, हेही मला दिसत होते. शब्द पाहुण्यांना धीर देण्यासाठी होते. काळजी त्याची स्वतःची होती.

म्हणून थोडे सांगून ठेवतो. रापण ओढली जात असेल तेव्हा आपली दोरी गुंडाळावी आणि दोराला हात लावावा. लहान मासे ओल्या हाताने सोडावेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे जगतो असे नाही. फार मोठा जिताडाही सोडता आला तर सोडावा. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. तेव्हा मोठा जिताडा म्हणजे बहुधा हजारो-लाखो अंड्यांची धनीण. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे काठी उघडण्यापूर्वी चौकशी करावी. तुटलेली नायलॉनची दोरी वाळूत टाकू नये, ती कासवांच्या नि पाखरांच्या पायांत अडकते. शेंगाळ्याचे काटे आणि पाकटाची नांगी विषारी. लागलेच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय बुडवून डॉक्टरकडे जावे. आणि अंगात हवा भरून फुगणारा केंड गळाला आला तर परत पाण्यात सोडावा. त्याचे विष शिजवूनही जात नाही.

एवढे सांभाळले, तर सुटीचा तिसरा दिवस कंटाळ्याचा जाणार नाही. मासे मिळतीलच, अशी हमी मी देत नाही. तशी हमी फक्त खानावळवाला देतो. पण भरती केव्हा लागते, वाळूत घळ कुठे आहे, शेजारच्या माणसाच्या टोपलीत आज काय पडले, हे कळू लागले की तो किनारा नुसता पाहण्याचा राहत नाही. घरी न्यायला चार मुडदुशी मिळाल्या तर उत्तमच. चाराहून जास्त मिळाल्या तर चारच न्या.